न्यूइंग्टनचे रंग: टेरियर इंजिन आणि त्याच्या प्रतिकृतींचे रंगांतर

वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती एका रेल्वेच्या रंगातून काढून दुसऱ्या रेल्वेच्या रंगात अचूक आणणे हा ब्रिटनमधल्या हौशी प्रतिकृतीकारांचा जुना उद्योग आहे. त्याचे मूळ तिथल्या खऱ्या रेल्वेच्या इतिहासात सापडते. १९२३ पूर्वी ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या होत्या आणि इंजिनाचा रंग ही कंपनीची ओळख होती. मिडलंड रेल्वेची इंजिने १८८३ पासून किरमिजी होती, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नची त्याआधी दहा वर्षांपासून काळी. ग्रेट ईस्टर्नने गडद निळा घेतला, कॅलेडोनियनने त्याहून फिकट निळा, ग्रेट वेस्टर्नने हिरवा. एखादे इंजिन एका कंपनीने दुसरीला विकले, की नवा मालक ते कारखान्यात नेऊन आधी आपल्या रंगात आणी. प्रतिकृती रंगवणारा जे काम टेबलावर करतो, तेच काम तिथल्या कारखान्यांनी शंभर वर्षे पूर्ण आकारात केले होते.

अशी मालकबदल केलेली इंजिने अनेक आहेत. पण लंडन, ब्राइटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या ‘टेरियर’ इंजिनांइतकी घरे क्वचितच कुणी बदलली असतील. विल्यम स्ट्राउडली याने आखलेली ही सहा चाकांची छोटी टाकी-इंजिने, म्हणजे पाणी आणि कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारी, मागे टेंडर न ओढणारी. १८७२ ते १८८० या काळात ब्राइटनच्या कारखान्यात अशी ५० इंजिने बांधली गेली. थेम्स नदीखालच्या बोगद्यातून जाणारा ईस्ट लंडन मार्ग आणि दक्षिण लंडनचे उपनगरी मार्ग ही त्यांची पहिली कामे. रूळ हलके, स्थानके जवळजवळ, त्यामुळे चार फूट व्यासाच्या चाकांचे आणि झटकन वेग घेणारे इंजिन हवे होते. धुराड्यातून निघणारा तुटक, भुंकल्यासारखा आवाज ऐकून लोकांनी त्यांना कुत्र्याच्या जातीचे नाव दिले. कंपनीने मात्र प्रत्येक इंजिनाला एखाद्या गावाचे किंवा लंडनच्या वस्तीचे नाव ठेवले: वॉपिंग, फेंचर्च, पॉपलर, स्टेपनी, न्यूइंग्टन. ते नाव टाकीच्या बाजूवर सोनेरी अक्षरांत लिहिलेले असे.

स्ट्राउडलीने त्यांना दिलेला रंग हा ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासातला बहुधा सर्वाधिक वाद झालेला रंग आहे. कागदोपत्री त्याचे नाव ‘सुधारित इंजिन-हिरवा’. प्रत्यक्षात तो पिवडीकडे झुकणारा, सोनेरी झाक असलेला पिवळा. स्ट्राउडली रंगांध होता, इथपासून ते नाव मुद्दाम ठेवले गेले, इथपर्यंत अनेक कथा सांगितल्या गेल्या. त्यातली एकही सिद्ध झालेली नाही आणि रंगवणाऱ्याच्या ती कामाचीही नाही. कामाची गोष्ट ही, की स्ट्राउडली १८६५ ते १८६९ या काळात स्कॉटलंडमधल्या हायलंड रेल्वेत इन्व्हर्नेसला होता, तिथे त्याने हा पिवळा आधीच वापरला होता आणि १८७० मध्ये ब्राइटनला येताना तो बरोबर आणला. मालगाडीच्या इंजिनांना त्याने साधा गडद ऑलिव्ह हिरवा दिला. पिवळा मान प्रवासी गाड्यांचा.

नुसता पिवळा फासला म्हणजे स्ट्राउडलीचे इंजिन होत नाही. टाकी, कॅब आणि कोळशाची पेटी यांच्या प्रत्येक पत्र्याला कडेने ऑलिव्ह हिरवी पट्टी असे. पिवळा आणि हिरवा जिथे भेटत तिथे काळी रेघ, आणि त्या काळ्या रेघेला लाल व पांढऱ्या बारीक रेघांची कड. खालची चौकट गडद तांबूस, बफर बसवलेली पुढची-मागची फळी शेंदरी लाल, कॅबचे छप्पर पांढरे, धुराड्याच्या तोंडाला घासून चकचकीत ठेवलेली तांब्याची कडी. इंजिनाच्या ड्रायव्हरचे नाव कॅबच्या आत रंगवण्याची पद्धतही त्यानेच पाडली. एक ड्रायव्हर, एक इंजिन असा तो काळ होता. ड्रायव्हर आणि फायरमन आपले इंजिन घासूनपुसून ठेवत आणि त्याच्या चकाकीवरून त्यांची पारख होई.

हे रंग डब्यातून तयार येत नसत. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळी, प्रशियन निळा अशी पूड जवसाच्या तेलात कारखान्यातच घोटली जाई. पत्र्यावर आधी अस्तर, मग खळगे बुजवायला लांबी, ती वाळल्यावर घासणे, मग रंगाचे हात आणि शेवटी वॉर्निशचे अनेक हात. प्रत्येक हात वाळायला वेळ लागे, म्हणून पूर्ण रंगकामाला आठवडे जात. या पद्धतीचा परिणाम पुढच्या अभ्यासकांना भोगावा लागला. जवसाच्या तेलाचे वॉर्निश काळाबरोबर पिवळे पडते, त्यात कोळशाची धूळ आणि तेल मुरते. त्यामुळे नवे कोरे निघालेले इंजिन आणि तेच इंजिन चार वर्षांनी, यांचा रंग एकच असूनही दिसायला वेगळा. कॅलेडोनियनच्या निळ्याच्या छटांबद्दल आजही वाद चालतात, त्याचे एक कारण हेच. दुसरे असे, की एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत मिश्रणाचे प्रमाण एकसारखे राहत नसे. ग्रेट ईस्टर्नने तर पहिल्या महायुद्धाच्या काळात आपल्या निळ्या इंजिनांवर शेवटचा निळा हात देणेच थांबवले आणि ती अस्तराच्या करड्या रंगातच धावू लागली.

ब्राइटन कंपनीतही पिवळा कायम राहिला नाही. स्ट्राउडली १८८९ मध्ये पॅरिसला प्रदर्शनासाठी गेला असता तिथेच वारला. १९०५ मध्ये डी. ई. मार्श प्रमुख झाला आणि त्याने गडद तपकिरी रंग आणला. त्याच काळात इंजिनांची नावेही पुसली गेली. १९११ पासून मार्शच्या योजनेप्रमाणे अनेक टेरियर नव्या बॉयलरने बांधून काढल्या गेल्या. या नव्या रूपाला ‘ए-१-एक्स’ म्हणतात. स्मोकबॉक्स, म्हणजे बॉयलरच्या पुढचा धुराचा कप्पा, लांब झाला. जुन्या रूपात त्या कप्प्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे वक्र पंख होते, ते गेले. पुढच्या चाकाच्या आच्छादनाशी एकजीव असलेली वाळूपेटी, जिच्यातली वाळू घसरत्या रुळांवर सोडत, ती बहुतेक इंजिनांवर खाली, पायफळीच्या तळाशी गेली. पुढे प्रतिकृती रंगवणाऱ्यांची सर्वाधिक फसगत याच बदलाने केली.

या ५० इंजिनांपैकी क्रमांक ४६, न्यूइंग्टन, डिसेंबर १८७६ मध्ये बांधले गेले. त्याचा प्रवास पाहिला की एकाच लोखंडावर किती रेल्वे चढू शकतात ते कळते. १९०३ मध्ये लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेने डॉर्सेटमधल्या लाइम रेजिसच्या नव्या शाखेसाठी दोन टेरियर विकत घेतल्या, त्यातले हे एक. त्याला क्रमांक मिळाला ७३४. त्या कंपनीचा इंजिनप्रमुख तेव्हा ड्युगल्ड ड्रमंड होता. ड्रमंडने तरुणपणी इन्व्हर्नेस आणि ब्राइटन या दोन्ही ठिकाणी स्ट्राउडलीच्याच हाताखाली काम केले होते. म्हणजे गुरूने बांधलेल्या इंजिनावर शिष्याच्या रेल्वेचा हिरवा चढला. हा हिरवा मवाळ, पाचोळ्याकडे झुकणारा. कडेला तपकिरी पट्टी, आत काळी-पांढरी रेघ. लाइम रेजिसची चढण आणि वळणे या छोट्या इंजिनांना झेपली नाहीत आणि काही वर्षांतच तिथे मोठी इंजिने आली.

१९१३ मध्ये ७३४ आइल ऑफ वाइट बेटावर गेले. फ्रेशवॉटर, यार्मथ अँड न्यूपोर्ट ही तिथली चिमुकली कंपनी. नाव तिच्या मार्गाइतकेच लांब. तिने इंजिन आधी भाड्याने घेतले, मग विकत, आणि त्याला क्रमांक दिला २. १ जानेवारी १९२३ रोजी १९२१ च्या रेल्वे कायद्याने ब्रिटनच्या बहुतेक कंपन्या चार मोठ्या गटांत विलीन झाल्या, तेव्हा या कंपनीने अटींवरून हुज्जत घातली आणि ऑगस्टपर्यंत विलीनीकरण लांबवले. अखेर इंजिन सदर्न रेल्वेचे झाले. सदर्नने बेटावरच्या इंजिनांच्या क्रमांकाआधी बेटाच्या नावातले ‘डब्ल्यू’ अक्षर लावले आणि त्यांना बेटावरच्याच गावांची नावे दिली. न्यूइंग्टन आता फ्रेशवॉटर झाले आणि १९३२ मध्ये त्याला डब्ल्यू ८ हा क्रमांक मिळाला. त्याच सुमाराला त्याचे ए-१-एक्स रूपात नूतनीकरण झाले. बेटावरच्या टेरियरांची कोळशाची पेटीही मागे वाढवण्यात आली, कारण मूळ पेटीत लंडनच्या लहान फेऱ्यांपुरताच कोळसा मावत असे. रंग आधी सदर्नचा ऑलिव्ह हिरवा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ऑलिव्हर बुलिड सदर्नचा इंजिनप्रमुख म्हणून आल्यावर त्याने ठरवलेला उजळ मॅलकाइट हिरवा कंपनीत आला, आणि युद्धात काळा.

१ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. १९४९ मध्ये हे इंजिन पुन्हा मुख्य भूमीवर आले, क्रमांक झाला ३२६४६, रंग ब्रिटिश रेल्वेचा काळा. त्यावर लाल, मळकट पांढरी आणि करडी रेघ असे. हे रेघकाम जुन्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नकडून उसने घेतलेले होते. ते आता हँपशायरमधल्या हेलिंग बेटाच्या शाखेवर धावू लागले. तिथे लाकडी पूल होता आणि त्याचे वजन पेलण्याचे बंधन इतके कडक होते, की सत्तर-ऐंशी वर्षांच्या टेरियरांना दुसरा पर्यायच नव्हता. ती शाखा नोव्हेंबर १९६३ मध्ये बंद पडली, तेव्हाच ३२६४६ निवृत्त झाले. पुढे १९६६ मध्ये पोर्ट्समथच्या एका मद्य-कंपनीने ते हेलिंग बेटावरच्या आपल्या पबच्या बाहेर उभे केले, पिवळ्या रंगात आणि जुन्या नावानिशी. १९७९ मध्ये ते आइल ऑफ वाइटला परतले आणि तिथल्या वाफेच्या रेल्वेवर पुन्हा चालू झाले.

इतर टेरियरांच्या कहाण्याही अशाच. पॉपलर १९०१ मध्ये केंट-ससेक्सच्या हद्दीवरच्या रॉदर व्हॅली रेल्वेने घेतले आणि त्याचे नाव बोडियम ठेवले. कर्नल हॉलमन स्टीफन्सच्या या रेल्वेचे पुढे नाव केंट अँड ईस्ट ससेक्स झाले आणि तिच्या निळ्या रंगातली बोडियम आजही प्रतिकृतीकारांची आवडती आहे. वॉडन १९०४ मध्ये साउथ ईस्टर्न अँड चॅटम रेल्वेकडे ७५१ क्रमांकाने गेले आणि १९६३ मध्ये थेट कॅनडाच्या रेल्वे संग्रहालयात. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलेले ब्राइटन हे इंजिन १९०२ मध्ये आइल ऑफ वाइट सेंट्रल रेल्वेचे क्रमांक ११ झाले. ५० पैकी दहा टेरियर आज शिल्लक आहेत.

आता प्रतिकृतींकडे. एकच साचा वेगवेगळ्या रेल्वेंच्या रंगात विकण्याची कल्पना खेळण्यांच्या कारखान्यांत फार लवकर रुजली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये फ्रँक हॉर्नबीच्या नावाची पहिली चावीची आगगाडी काढली, तेव्हा पत्र्याचे तेच इंजिन लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नच्या काळ्या, मिडलंडच्या किरमिजी आणि ग्रेट नॉर्दर्नच्या हिरव्या रंगात मिळत होते. खऱ्या रेल्वेत या तिन्ही कंपन्यांची इंजिने एकमेकांशी मुळीच जुळत नसत. मुलाला आपल्या गावातून जाणारी रेल्वे हवी असे, तिचे इंजिन नव्हे. मोठ्यांचा छंद वाढला तसे हे चालेनासे झाले. १९५० मध्ये ऐतिहासिक रेल्वे-प्रतिकृती संस्था स्थापन झाली आणि रंग, अक्षरे, रेघा यांची माहिती पद्धतशीर जमवणे हे तिच्या कामांपैकी एक ठरले. प्लॅस्टिकच्या टेरियर १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॅपोलने बाजारात आणल्या. पुढे तो साचा हॉर्नबीकडे गेला. तेव्हापासून हाताशी असलेले स्वस्त इंजिन घेऊन त्याचा मालक बदलणे हा अनेकांचा पहिला प्रयोग ठरला.

समजा, डब्ल्यू ८ फ्रेशवॉटरच्या हिरव्या प्रतिकृतीला मागे नेऊन साउथ वेस्टर्नचे ७३४ करायचे आहे. इंजिन तेच, तरी नुसत्या रंगाने हे साधत नाही. डब्ल्यू ८ हे ए-१-एक्स आहे. १९०३ चे ७३४ जुन्या रूपातले. लांब स्मोकबॉक्स कापून आखूड करावा लागतो, वक्र पंख बसवावे लागतात, वाळूपेट्या चाकांवर परत आणाव्या लागतात, वाढवलेली कोळशाची पेटी मूळ मापावर आणावी लागते. ब्रेकही पाहावे लागतात. ब्राइटन कंपनीचे ब्रेक वेस्टिंगहाउस पद्धतीचे, दाबलेल्या हवेवर चालणारे. त्यांचा पंप इंजिनाच्या अंगावर ठळक दिसतो. साउथ वेस्टर्नचे ब्रेक निर्वात पद्धतीचे. म्हणून रंगाच्या बाटलीआधी छायाचित्र हातात हवे, आणि तेही त्याच इंजिनाचे, त्याच वर्षांचे. हे काम टाळून फक्त क्रमांक बदलला, तर जाणकाराच्या नजरेला ते इंजिन कोणत्याच रेल्वेचे राहत नाही.

जतन केलेली खरी इंजिनेसुद्धा इथे दगा देतात. स्टेपनी हे टेरियर १९६० मध्ये ससेक्सच्या ब्लूबेल रेल्वेने घेतले आणि पुढे त्याला स्ट्राउडलीचा पिवळा दिला. १९६३ मध्ये रेव्हरंड ऑड्रीने त्याच्यावर मुलांचे पुस्तक लिहिले आणि पिवळी टेरियर घराघरांत पोहोचली. पण स्टेपनी ए-१-एक्स आहे. हे रूप १९११ नंतरचे, पिवळा १९०५ पूर्वीचा. पिवळे ए-१-एक्स स्ट्राउडलीच्या काळात कुणी पाहिलेच नव्हते. ज्याला स्टेपनी १९६० नंतरच्या ब्लूबेलवर दाखवायचे आहे त्याने खुशाल तसे रंगवावे. १८९० चे ब्राइटन स्थानक उभारणाऱ्याने मात्र बॉक्सहिलकडे पाहावे. ते कधीच ए-१-एक्स झाले नाही. १९४७ मध्ये सदर्नने त्याला पिवळा रंग देऊन जपले आणि ते यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या ताब्यात आहे. त्याआधी १९२७ मध्ये ग्लॅडस्टन हे स्ट्राउडलीचे मोठे इंजिन स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटीने विकत घेऊन जुन्या रंगात आणले होते. खासगी संस्थेने वाचवलेले ते पहिले इंजिन, आणि या पिवळ्याचा महत्त्वाचा संदर्भ. तरी दोन्ही रंग स्ट्राउडलीच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी दिलेले आहेत, हे विसरून चालत नाही.

छायाचित्रांचा घोटाळा याहून खोल आहे. एकोणिसाव्या शतकातल्या साध्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यांच्यावर निळे इंजिन जवळजवळ पांढरे उमटते, पिवळे आणि लाल दोन्ही काळपट. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना हिरवा-पिवळा दिसू लागला, पण लाल काळाच राहिला. विसाव्या शतकात सर्व रंग टिपणाऱ्या काचा आल्यावर हा फरक मिटला. त्यामुळे एकाच रंगातले इंजिन दोन छायाचित्रांत दोन छटांचे दिसते आणि रंग बदलला असावा असे वाटते. शिवाय कंपन्या नव्या इंजिनाचे अधिकृत छायाचित्र काढण्यासाठी त्याला तात्पुरता फिक्कट करडा रंग देत, म्हणजे आकार आणि रेघा स्पष्ट उमटतील. त्या छायाचित्रावरून इंजिन करड्या रंगात धावत होते असे मानणारे आजही भेटतात. ‘एफ. मूर’ या टोपणनावाखाली लोकोमोटिव्ह पब्लिशिंग कंपनीने काढलेली रंगीत चित्रे एकेकाळी प्रमाण मानली जात. ती छायाचित्रांवर तैलरंग चढवून केलेली होती. समकालीन चित्रकाराची नजर म्हणून त्यांना किंमत आहे, छटेचा पुरावा म्हणून जपून वापरावीत.

संदर्भ जमला की कामाला हात. जुना रंग काढावा की नाही, हा पहिला प्रश्न. छापलेली अक्षरे आणि रेघा कापसाच्या बोळ्यावर थोडे विरल द्रावण घेऊन किंवा बारीक पाणपेपरने हळूहळू निघतात. त्यांचा उंचवटा राहिला, तर नव्या रंगाखालून जुन्या रेल्वेचे नाव उमटते. सगळा रंग उतरवायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा खास रंग-उतारक वापरतात. प्लॅस्टिक विरघळवणारे द्रावण चुकून लागले तर रिबेटांची ओळ कायमची जाते. त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन अस्तराचा पातळ हात. अस्तराच्या रंगाला इथे महत्त्व आहे. पिवळा हा आतले दाखवणारा रंग. करड्या अस्तरावर तो हिरवट दिसतो, म्हणून स्ट्राउडलीच्या पिवळ्याखाली पांढरे अस्तर लागते. किरमिजी रंग मात्र तांबूस अस्तरावरच खुलतो. कारखान्यात लांबी भरून घासलेल्या पत्र्याचा सपाटपणा प्रतिकृतीवर एअरब्रशच्या तीन-चार पातळ हातांनी येतो, ब्रशच्या एका जाड हाताने नाही.

रंग मिसळताना आणखी एक अडचण येते. हुबेहूब मूळ छटा लावली, तर छोटे इंजिन मोठ्यापेक्षा काळे दिसते. मोठे इंजिन उघड्यावर असते, त्याच्या रुंद पत्र्यांवर आभाळाचा उजेड पडतो. प्रतिकृतीचे पत्रे बोटभर असतात. म्हणून अनुभवी रंगारी गडद रंगांत थोडा पांढरा किंवा करडा मिसळतात. संग्रहालयातल्या इंजिनाशी रंगपट्टी जुळवून आणलेला हिरवा टेबलावर बरेचदा चुकीचा वाटतो, तो यामुळे.

रेघकाम हा सगळ्या कामाचा कस. चार मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७६ पट लहान आकारात, तीन अष्टमांश इंचाची रेघ सुमारे ०.१२ मिलिमीटर होते. एक अष्टमांश इंचाची जेमतेम ०.०४ मिलिमीटर, डोक्याच्या केसाहून बारीक. इतकी बारीक रेघ हाताने काढता येत नाही, आणि काढली तरी हातभर अंतरावरून दिसत नाही. म्हणून प्रमाण सोडून रेघ थोडी जाड करावी लागते, मात्र सगळ्या रेघा त्याच मानाने. हे काम नकाशा काढणाऱ्यांच्या जुन्या रेघपेनने होते. पेनच्या दोन पात्यांत ब्रशच्या टोकाने इनॅमलचा थेंब सोडतात, पात्यांची बाहेरची बाजू पुसतात, आधी अंगठ्याच्या नखावर किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर रेघ काढून पाहतात. रंग फार घट्ट असेल तर उतरत नाही, पातळ असेल तर पत्र्याच्या कडेला धावतो. आधी सरळ रेघा, मग कोपऱ्यांचे बाक. ओल्या रेघेची चूक विरलकात बुडवलेल्या लाकडी काडीने उचलता येते, पण खालचा रंग पूर्ण वाळलेला असेल तरच. म्हणून अंगाचा रंग दिल्यावर काही दिवस इंजिनाला हात लावत नाहीत. स्ट्राउडलीचे पिवळे इंजिन रेघणे साउथ वेस्टर्नच्या हिरव्यापेक्षा कितीतरी अवघड, कारण हिरवी पट्टी, काळी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांच्या लाल-पांढऱ्या कडा एका मिलिमीटरच्या आसपास बसवायच्या असतात. त्यापुढे सदर्नचा हिरवा किंवा ब्रिटिश रेल्वेचा काळा सोपा जातो. युद्धकाळातला काळा तर रेघांविनाच. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी.

अक्षरे आणि क्रमांक यांच्यासाठी छापील उतरचित्रे वापरतात. काही पाण्याने सरकवून बसवायची, काही दाबून चिकटवायची, आणि काही मेथिलेटेड स्पिरिट व पाण्याच्या मिश्रणाने. शेवटच्या प्रकारात भोवतीची पातळ फिल्म मागे राहत नाही, म्हणून काळजीने काम करणारे तीच निवडतात. उतरचित्राआधी पृष्ठभाग चकचकीत हवा, खरखरीत रंगावर त्याच्याखाली हवा अडकते आणि नंतर पांढरट डाग पडतो. पितळी पाट्या असलेल्या इंजिनांना आम्लाने कोरलेल्या बारीक पाट्या चिकटवतात. अक्षरांची मांडणीही त्या वर्षाची हवी. सदर्नच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या अक्षरांच्या घडणीत फरक आहे, आणि ब्रिटिश रेल्वेचे सिंहाचे चिन्ह १९५६ मध्ये बदलले. ३२६४६ वर जुने चिन्ह लावायचे की नवे, हे हेलिंगच्या कोणत्या वर्षाची गाडी उभारायची आहे, त्यावर ठरते.

शेवटचा हात वॉर्निशचा, आणि त्यानंतर मळाचा. स्ट्राउडलीच्या काळातल्या टेरियरवर मळ जवळजवळ नको. चाकांच्या आसपास थोडी धूळ आणि स्मोकबॉक्सच्या तळाशी राखेचा पुसट थर पुरतो, कारण ती रोज पुसली जात. हेलिंगच्या शेवटच्या वर्षांत मात्र पुसायला माणसेच कमी होती: लाल-करड्या रेघा काजळीखाली दबलेल्या, टाकीच्या झाकणाखाली पाण्याच्या खारट पांढऱ्या ओघळांचे ठसे, पायफळीवर तेलाचे डाग. हे रंगाची पूड कोरड्या ब्रशने चोळून किंवा एअरब्रशच्या विरळ फवाऱ्याने करतात. क्रमांकावरचा मळ इंजिनघरात हाताने पुसून काढत, म्हणून ३२६४६ चे आकडे बाकीच्या टाकीपेक्षा थोडे स्वच्छ ठेवावे लागतात.